दुसरीचे पहिले सत्र: ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारी मुले

चाफेकळी

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी त्याच्या वह्या पाहण्याचा नेम मी ठेवला आहे. मराठीत जोडाक्षरे सुरू झाली आहेत, कविता तो तालासुरात म्हणून दाखवतो आणि ‘खेळू, करू, शिकू’मधील कागदकामात रमून जातो. त्याबद्दल मला काही विचारायचे नाही. अडचण गणिताची आहे.

या सत्रात शंभरपर्यंतच्या संख्यांचे वाचन आणि लेखन, चढता-उतरता क्रम, लगतची मागची आणि पुढची संख्या, दशक-एकक आणि दोन अंकी बेरजा असा भाग वर्गात चालू आहे. वहीत मांडून दिलेली बेरीज तो न चुकता करतो. मात्र संख्या तोंडी सांगितली की गडबड होते. ‘पंचवीस’ म्हटले की तो ५२ लिहितो आणि ‘अडतीस’ म्हटले की ८३. मागच्या आठवड्यात अंकांच्या श्रुतलेखनात वीसपैकी नऊ संख्या अशा चुकल्या आणि वहीवर ‘संख्या उलट लिहितो, घरी सराव घ्यावा’ असा शेरा आला. मी तो शेरा मनावर घेऊन त्याच्याकडून रोज एक ते शंभर अंक तीन-तीन वेळा लिहून घेऊ लागले. चुका होत्या तेवढ्याच राहिल्या आणि आता गणिताची वही काढली की त्याच्या डोळ्यांत पाणी येते.

परवा मी त्याच्या शेजारी बसून नीट पाहिले. मी ‘पंचवीस’ हा शब्द उच्चारू लागले आणि ‘पंच’ कानावर पडताच त्याने पाच लिहूनही टाकला. ‘वीस’ ऐकल्यावर त्याच्यापुढे दोन लिहिला. त्याने ऐकलेल्या क्रमानेच लिहिले होते. तेव्हापासून माझ्या मनात आहे, की ही चूक मुलाची आहे की आपल्या संख्यानामांची? इतरांच्या मुलांच्या वर्गात हा भाग कसा घेतला जात आहे, हे कृपया सविस्तर सांगावे.

खडूफळा

ताई, मी सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि गेली सतरा वर्षे पहिली-दुसरीचेच वर्ग घेत आहे. तुम्ही त्याच्या शेजारी बसून जे पाहिले, तेच खरे निदान आहे. एक ते शंभर लिहून घेणे आजपासून बंद करावे, अशी माझी पहिली विनंती आहे. त्या सरावात मूल संख्या ऐकतच नाही. ते एककाच्या घरात शून्य ते नऊ असे उभे उतरवत जाते आणि दशकाच्या घरात एकच अंक दहा वेळा लिहिते. पान सुंदर भरते, पण ‘पंचवीस’ हा शब्द आणि २५ हे लेखन यांची गाठ त्यात कुठेच पडत नाही.

मराठीत अकरापासून पुढे एककाचा उच्चार आधी होतो आणि दशकाचा नंतर. लिहिताना मात्र आपण डावीकडून दशक आधी लिहितो. मोठ्या माणसाला हे जाणवत नाही, कारण त्याच्यासाठी ‘पंचवीस’ हा एकसंध शब्द झालेला असतो. सात वर्षांच्या मुलाला संपूर्ण शब्द ऐकून घ्यावा लागतो, तो मनात धरून ठेवावा लागतो, फोडावा लागतो आणि मग उलट क्रमाने कागदावर उतरवावा लागतो. एवढे काम एका श्वासात करताना काही मुले अडखळतात, यात त्यांच्या बुद्धीचा दोष नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. आपली संख्यानामे फोडावी म्हटली तरी प्रत्येक वेळी सारखी फुटत नाहीत. माझ्या वर्गात मी सहाचे उदाहरण घेतो. सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. या नऊ शब्दांपैकी ‘सहा’ स्पष्ट ऐकू येतो तो एका सहासष्टमध्ये. दशकांचेही तेच आहे. ‘पन्नास’ हा एक्कावन्न, बावन्नमध्ये ‘वन्न’ होतो आणि त्रेपन्न, चोपन्नमध्ये ‘पन्न’ होतो. ‘साठ’चा ‘सष्ट’ होतो. ‘सत्तर’ तर बाहत्तर, त्र्याहत्तरमध्ये आपला ‘स’च हरवून बसतो. म्हणजे शंभरपर्यंत मोजण्यासाठी मराठी मुलाला जवळजवळ शंभर वेगवेगळे शब्द कमवावे लागतात. ते शब्द सुंदर आहेत, आपले आहेत, पण ते कमवायला वेळ लागतो हे मान्य करून शिक्षकाने आणि पालकाने तो वेळ द्यायला हवा.

वर्गात मी काय करतो ते सांगतो. जून-जुलैमध्ये पाटी-पेन्सिलीला फारसे काम देत नाही. आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड आणि चिंचोके एवढ्यावर भागते. मुले दहा काड्या मोजून गठ्ठा बांधतात. बांधलेला गठ्ठा मी कधीही देत नाही, कारण दहा सुट्ट्या काड्यांचा एक दशक होतो ही गोष्ट हाताने बांधल्याशिवाय कळत नाही. मग ‘पंचवीस काड्या आण’ म्हटले की मूल दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या काड्या आणते. गठ्ठे डाव्या हाताला, सुट्ट्या उजव्या हाताला ठेवायच्या, हा वर्गाचा नियम असतो. काड्या मांडून झाल्यावर त्याखाली अंककार्डे ठेवायची: वीसचे कार्ड आणि त्यातील शून्यावर पाचचे कार्ड. मूल २५ तयार झालेले डोळ्यांनी पाहते. या टप्प्यावर मी मुलांना ‘दोन दशक पाच’ आणि ‘वीस आणि पाच, पंचवीस’ असे दोन्ही मोठ्याने म्हणायला लावतो.

शंभर मण्यांची गणितमाळ वर्गात टांगलेली असते. तिच्यात दहा-दहा मणी एकाआड एक दोन रंगांचे असतात. ‘अडतीस दाखव’ म्हटल्यावर ज्याला कळलेले नाही ते मूल एक-एक मणी मोजत जाते, आणि ज्याला दशक कळला ते तीन रंगपट्टे ओलांडून थेट आठ मणी मोजते. त्या क्षणी शिक्षकाला जे कळते, ते कुठल्याही चाचणीतून कळत नाही.

घरी एवढेच करावे. संख्या सांगितल्यावर लगेच लिहू देऊ नये. आधी पेन्सिल खाली ठेवून ‘यात गठ्ठे किती?’ असे विचारावे. उत्तर आल्यावर मग लिहायला सांगावे. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसेल.

जुनी_पाटी

खडूफळा यांचा प्रतिसाद वाचून समाधान वाटले, पण एका गोष्टीविषयी मनात काळजी आहे. २०१९ साली दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता आणि विधिमंडळातही त्याची चर्चा झाली होती. मी तेव्हा नुकतीच सेवानिवृत्त झाले होते आणि त्या बदलाला माझा विरोध होता. आजही तो पुष्कळसा कायम आहे.

मुले केवळ वर्गात राहत नाहीत. ती मंडईत जातात, बसमध्ये तिकीट काढतात, आजीच्या तोंडून ‘पंचाहत्तर वर्षे झाली’ असे ऐकतात. ‘सत्तर पाच’ शिकलेले मूल या बोलण्यात परके होऊ नये, असे मला वाटते. शिवाय ही नावे पाठ करण्यात आमच्या पिढीला आनंद मिळत असे. आम्ही तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा म्हणत असू. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो आज कोणी म्हणावा असा माझा आग्रह नाही, मात्र ‘बे एके बे, बे दुणे चार’ या लयीत मुलांचे तोंड वळते ते वळू द्यावे.

चाफेकळी, तुमच्या मुलासाठी एक जुनी युक्ती सांगते. ‘छत्तीसचा आकडा’ हा शब्दप्रयोग त्याला समजावून सांगा. देवनागरीत ३ आणि ६ शेजारी लिहिले की ते एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणून ज्यांचे पटत नाही त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे असे आपण म्हणतो. तेच अंक ६३ असे लिहिले की समोरासमोर येतात. माझ्या वर्गातील मुले ‘भांडलेले छत्तीस आणि मैत्रीतले त्रेसष्ट’ असे म्हणत. त्या दोन संख्यांची अदलाबदल मग कोणी करत नसे.

तिसरा_बाक

आमची मुलगी सेमी इंग्रजीच्या वर्गात, तीही दुसरीतच आहे. तिला २५ लिहिताना अडचण येत नाही, कारण शाळेत ती ‘ट्वेंटी फाइव्ह’ ऐकते. पण ‘फोर्टीन’ आणि ‘फोर्टी’ यांत ती गोंधळते, आणि ‘सिक्स्टीन’ ऐकून तिने ६१ लिहिलेले मी पाहिले आहे. म्हणजे इंग्रजीतही तेरा ते एकोणीस या संख्यांत एकक आधीच उच्चारला जातो. खरी खंत वेगळी आहे. तिचे आजोबा ‘एकोणसत्तर रुपये दे’ म्हणाले, तर ती माझ्याकडे पाहते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलीला मराठी संख्या परक्या होत आहेत आणि शाळेच्या वेळापत्रकात त्यांना जागा नाही. यावर कोणी काही उपाय केला असल्यास जरूर लिहावे.

सीमेवरचा

मी बेळगावचा. आमच्याकडे मराठी माध्यमाच्या शाळेतही मुलांना कन्नड शिकावी लागते आणि गल्लीत, दुकानात दोन्ही भाषा कानावर पडतात. कन्नडमध्ये पंचवीसला ‘इप्पत्तैदु’ म्हणतात, म्हणजे ‘इप्पत्तु’ वीस आणि ‘ऐदु’ पाच. दशक आधी, एकक नंतर, अगदी लिहिण्याच्या क्रमाने. तमिळ, तेलुगू आणि मल्याळम या भाषांतही असाच क्रम आहे. माझा पुतण्या सहा वर्षांचा असताना मराठीत चुकायचा आणि कन्नडमध्ये बरोबर लिहायचा. आम्ही त्याला मराठी संख्या ऐकून मनात कन्नडमध्ये म्हणायला सांगितले आणि त्याचा गोंधळ बराच कमी झाला. त्यामुळे ‘वीस पाच’ ही कल्पना मला परकी वाटत नाही. ती आमच्या शेजारच्या घरातलीच आहे.

दूरदेशी

आम्ही जर्मनीत राहतो आणि आमचा मुलगा तेथील प्राथमिक शाळेत दुसऱ्या वर्गात आहे. हा धागा वाचताना आपल्याच घरातील गोष्ट वाचत आहोत असे वाटले, कारण जर्मन भाषेतही पंचवीसला ‘पाच आणि वीस’ असेच म्हणतात. येथे पहिल्या वर्गात साधारणपणे वीसपर्यंतच्या संख्या घेतात आणि दुसऱ्या वर्गात शंभरपर्यंतच्या. दुसरीत आल्यावर मुले ५२ आणि २५ यांची अदलाबदल करतात. ही चूक इतकी परिचित आहे, की तिला जर्मनमध्ये ‘त्साहलेनड्रेअर’ म्हणजे ‘अंकांची उलटापालट’ असा स्वतंत्र शब्दच आहे. शिक्षिकेने पहिल्याच पालकसभेत सांगितले, की ही चूक दिसेल, घाबरू नका आणि मुलाला रागावू नका. ते वाक्य ऐकून आमचे निम्मे ओझे उतरले. चाफेकळी यांच्या मुलाच्या वहीवर शेऱ्याऐवजी असे एखादे वाक्य आले असते तर किती बरे झाले असते.

नॉर्वेचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. तेथेही पूर्वी एकक आधी म्हणण्याची रीत होती. १९५१ साली तेथील संसदेच्या निर्णयाने दशक आधी म्हणण्याची नवी रीत अधिकृत झाली आणि शाळांमध्ये तीच शिकवली जाऊ लागली. तरीही जुनी रीत बोलण्यातून गेली नाही, दोन्ही शेजारी शेजारी चालत राहिल्या. त्यामुळे जुनी_पाटी यांना वाटते तशी आपली ‘बावीस, तेवीस’ एका पुस्तकाने पुसली जातील, असे मला वाटत नाही. लोकांच्या तोंडातील शब्द फार चिवट असतात.

खडूफळा

२०१९ च्या वादाविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. त्या वेळी गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. पुस्तकात ‘वीस एक’ या वाचनाबरोबर ‘एकवीस’ही दिलेले होते. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. जोडाक्षरयुक्त, अवघड नावांमुळे लहान मुलांच्या मनात गणिताची भीती बसू नये, अशी त्यामागची भूमिका होती. ती मला तेव्हाही पटली होती, कारण ‘त्र्याण्णव’ हा शब्द वाचता न आल्याने संख्याच येत नाही असे ठरवलेली मुले मी पाहिली आहेत. दुसरीच्या मुलाची जोडाक्षरे नुकतीच सुरू झालेली असतात, आणि आपण त्याला ‘ब्याऐंशी’, ‘त्र्याऐंशी’ अक्षरी लिहायला सांगतो! ती भाषेची परीक्षा आहे, गणिताची नाही.

तरी जुनी_पाटी बाईंचे म्हणणे मी बाजूला सारत नाही. माझ्या वर्गात ‘वीस पाच’ ही शिडी आहे. मूल तिच्यावरून ‘पंचवीस’पर्यंत चढते आणि चढल्यावर शिडी काढून घ्यायची असते. शिडीवरच उभे राहिले तर बाजारात अडचण होणारच, आणि शिडीच दिली नाही तर निम्मा वर्ग खाली राहतो. शिडी कधी काढायची हे प्रत्येक मुलागणिक वेगळे असते. काही मुलांना तिची गरज आठवडाभरच लागते, तर काहींना दिवाळीपर्यंत. सगळ्यांना एकाच दिवशी श्रुतलेखन देऊन गुण मोजण्याची घाई मला म्हणूनच मान्य नाही.

तिसरा_बाक यांच्यासाठी: सेमीच्या मुलांना मराठी संख्या वस्तूंबरोबर द्याव्यात, तक्त्यातून नव्हे. पत्ते बावन्न, बुद्धिबळाची घरे चौसष्ट, दात बत्तीस, तासाची मिनिटे साठ. ज्या संख्येला वस्तू चिकटते ती विसरत नाही. ‘एकोण’चे कोडे तर मुलांना फार आवडते. एक ऊन, म्हणजे एक कमी. एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी. हे कळले की एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ संख्या एकदम मुठीत येतात. फक्त त्याआधी मुलाला दशकांची नावे पक्की यावी लागतात, कारण एकोणसत्तर ऐकल्यावर सत्तर आठवून पुन्हा साठीत यायचे असते. मुले येथे ७९ लिहितात ती याच कारणाने.

तिसरा_बाक

पत्त्यांची कल्पना लगेच अमलात आणतो. आजोबांनाही त्यात काम मिळेल, आणि तेच मला जास्त हवे आहे.

जुनी_पाटी

खडूफळा सरांची शिडीची उपमा मला पटली. माझी एकच अट राहील, की शिडी काढण्याचे काम कोणाचे हे पुस्तकात आणि प्रशिक्षणात स्पष्ट सांगितलेले असावे. अन्यथा ज्या शाळेत एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो, तेथे ती तशीच लावलेली राहील. अशा शाळेत मी अकरा वर्षे काढली आहेत, त्यामुळे हे अनुभवातून लिहीत आहे.

चाफेकळी

सर्वांची मनापासून आभारी आहे. तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण येथे सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

वहीतील सराव पूर्ण बंद केला. त्याच्या वर्गशिक्षिकांना भेटून शेजारी बसल्यावर मला काय दिसले ते सांगितले, आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. शेरा लिहिताना पंचेचाळीस वह्या समोर होत्या, असे त्या म्हणाल्या. मला त्यांची अडचण समजली. आता त्या श्रुतलेखनात संख्या सांगितल्यावर थोडे थांबतात आणि मग ‘लिहा’ म्हणतात. एवढ्या छोट्या बदलाचा उपयोग इतर मुलांनाही होतो आहे, असे त्यांनीच कळवले.

घरी आम्ही दुकान मांडतो. दहाच्या कागदी नोटा आणि एक रुपयाची नाणी एवढेच चलन. डाळीची पुडी अडतीस रुपयांना असते. तो तीन नोटा काढतो, आठ नाणी मोजतो आणि मग पावती लिहितो. पावतीवर गेल्या आठवड्यात एकही संख्या उलटी आली नाही. घाईत असला की अजूनही ‘सत्तेचाळीस’चे ७४ होतात, पण आता तो स्वतःच थांबून ‘चार नोटा होत्या’ असे म्हणतो आणि खोडतो.

छत्तीस आणि त्रेसष्टची भांडणे त्याने वर्गात सगळ्यांना सांगितली आहेत. काल मात्र त्याने मला अडवले. एकोणनव्वद म्हणजे नव्वदला एक कमी, मग नव्याण्णवला ‘एकोणशंभर’ का म्हणत नाहीत, असे त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही. उद्या सांगते, असे कबूल केले आहे.

खडूफळा

ताई, हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाची काळजी करण्याचे कारण उरलेले नाही. त्याला सांगा, की संस्कृतात नव्याण्णवसाठी ‘नवनवति’ असा शब्द आहे, म्हणजे नव्वद आणि नऊ. आपला ‘नव्याण्णव’ त्यावरूनच आला. एकोणीस ते एकोणनव्वद या संख्यांना मराठीने ‘एक कमी’ची रीत लावली आणि शेवटच्या संख्येला ‘नऊ जास्त’ची. हिंदीत तर एकोणनव्वदलाही ‘नवासी’ म्हणतात, म्हणजे तेथेही ऐंशी आणि नऊ. त्याला हवे असेल तर त्याने एक दिवस दुकानात ‘एकोणशंभर’ची पावती करावी. शंभराची नोट घेऊन एक रुपया परत देता आला, की त्याचा हिशेब बरोबर आहे.

दिवाळीनंतर हातच्याची वजाबाकी सुरू होईल. तेव्हा दहाची एक नोट मोडून दहा सुटी नाणी घ्यावी लागतील, म्हणून दुकान इतक्यात बंद करू नका.